चार कैद्यांत तीन कच्चे



माल आडतीवर घातला आणि पट्टी हातात पडली की शेतकरी आधी तळचा आकडा पाहतो. हातात किती आले? मग नजर वर सरकते. हमाली किती, तोलाई किती, कडता किती धरला, उचल किती कापून घेतली. पट्टी कशी वाचावी हे त्याला कोणत्याही शाळेत शिकवलेले नसते. वारंवार लुबाडला गेलेला माणूस हिशेब आपोआप वाचायला शिकतो.

सरकारही दरवर्षी अशीच एक पट्टी काढते. ती शेतमालाची नाही, माणसांची आहे. दिल्लीत १९८६ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो नावाचे खाते सुरू झाले. देशभरातल्या पोलिस ठाण्यांचे आणि तुरुंगांचे आकडे हे खाते गोळा करते आणि त्यांची जाडजूड पुस्तके काढते. गुन्ह्यांचे पुस्तक १९५३ सालापासून निघते, तुरुंगांचे १९९५ सालापासून. अपघाती मृत्यू आणि आत्महत्या यांचे तिसरे पुस्तकही हेच खाते काढते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा जो आकडा दरवर्षी वर्तमानपत्रात येतो तो याच पुस्तकातला.

पुस्तक निघाले की दोन दिवस मथळे येतात. अमुक राज्य गुन्ह्यांत पहिले, तमुक शहर सर्वांत सुरक्षित. विरोधी पक्ष पत्रक काढतो, मंत्री खुलासा करतो, आणि पुस्तक कपाटात जाते. तळचा आकडा कोणी वाचत नाही. तो आज आपण वाचू.

तळचा आकडा

३१ डिसेंबर २०२२ या दिवशी देशातल्या १,३३० तुरुंगांत मिळून ५,७३,२२० माणसे कोंडलेली होती. या तुरुंगांत जागा होती ४,३६,२६६ माणसांची. म्हणजे शंभराच्या जागेत एकशे एकतीस. गोठ्यात जागेपेक्षा जास्त जनावरे बांधली तर शेजारी नाव ठेवतात. इथे सरकारला नाव ठेवणारा कोणी नाही.

पण पट्टीतली खरी मेख पुढे आहे. या पावणेसहा लाखांत गुन्हा शाबित होऊन शिक्षा भोगणारे किती? १,३३,४१५. आणि ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही, जे कायद्याच्या भाषेत निर्दोष आहेत असे किती? ४,३४,३०२. शेकडा पंचाहत्तरांहून जास्त. तुरुंगाच्या बोलीत शिक्षा झालेल्याला पक्का कैदी म्हणतात आणि खटला चालू असलेल्याला कच्चा कैदी. चार कैद्यांत तीन कच्चे. त्यांतले ११,४४८ कच्चे कैदी पाच वर्षांहून अधिक काळ आत होते. पुढच्या वर्षी, २०२३ साली, आकडा थोडा उतरला. तरी कच्च्यांचे प्रमाण शेकडा सत्तरांच्या वरच राहिले.

कोणी म्हणेल, धूर असतो तिथे आग असतेच, पोलिसांनी धरला म्हणजे काहीतरी केलेच असेल. त्याने याच खात्याचे दुसरे पुस्तक उघडावे. २०२२ साली भारतीय दंड संहितेखालच्या ज्या खटल्यांचे निकाल लागले त्यांत शिक्षा होण्याचे प्रमाण शेकडा ५४ च्या आसपास होते. म्हणजे निकाल लागलेल्या खटल्यांत जवळजवळ निम्म्यांत सरकारला गुन्हा शाबित करता आला नाही. आता दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचा. आत असलेल्या चारांतले तीन कच्चे, आणि निकाल लागतो तेव्हा निम्म्याच्या आसपास खटले कोसळतात. मधली वर्षे कोणाच्या खात्यावर लिहायची?

हे कच्चे कैदी कोण?

तुरुंगाच्या पुस्तकात शिक्षणाचे आणि जातींचेही रकाने आहेत. साधारण तीन कैद्यांतले दोन दहावीपर्यंतसुद्धा पोचलेले नाहीत. तितकेच प्रमाण दलित, आदिवासी आणि इतर मागास जातींतल्या लोकांचे. या वर्गात जन्मलेली माणसे जास्त गुन्हे करतात म्हणून असे झालेले नाही. ज्याच्याकडे वकील आहे, ओळख आहे आणि जामीनदार आहे तो बाहेर पडतो; ज्याच्याकडे यातले काही नाही तो आत राहतो. गावात काही चोरीला गेले की पहिला कोण धरला जातो हे पारध्यांच्या कोणत्याही पालावर जाऊन विचारावे.

जामिनाचा मामला कसा चालतो हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. कोर्ट जामीन मंजूर करते आणि सांगते, इतक्या हजारांचा ऐपतदार जामीनदार आणा. मग सातबारा काढा, तहसिलीतून ऐपतीचा दाखला काढा. ज्याच्या नावावर गुंठाही नाही अशा शेतमजुराने सातबारा कोणाचा आणायचा? ज्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा आणि बँकेचा बोजा चढलेला आहे त्याची ऐपत कोण मानणार? जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो. कर्ज मंजूर झाले पण तारण नाही म्हणून हातात पैसा पडला नाही, त्यातलाच हा प्रकार.

हे सर्वोच्च न्यायालयाला माहीत नाही असे नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचे प्रकरण तिथे गेले होते. खालच्या कोर्टाने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला. भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाकडून असा जामीन मागण्यावर कडक ताशेरे ओढले आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर मोतीरामला सोडायला सांगितले. दुसऱ्याच वर्षी, १९७९ साली, बिहारमधले हुसैनआरा खातून प्रकरण आले. तिथल्या तुरुंगांत असे कच्चे कैदी सापडले की गुन्हा शाबित होऊन जास्तीत जास्त शिक्षा झाली असती तरी ते केव्हाच सुटून घरी गेले असते. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की लवकर खटला चालणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. त्यावेळी बिहारमधले हजारो कैदी सुटले. या गोष्टीला चार तपे होत आली. पट्टीतला आकडा मात्र अजून तीनचतुर्थांशाच्या आसपासच घुटमळतो आहे.

शिक्षा आधी, निकाल मागून

कारण शोधायला लांब जायला नको. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक खटले तुंबलेले आहेत. त्यांत तीन कोटींहून अधिक फौजदारी. विधी आयोगाने १९८७ साली सांगितले होते की दहा लाख लोकांमागे निदान पन्नास न्यायाधीश हवेत. आज मंजूर जागा सगळ्या भरल्या असे धरले तरी आपण त्या पन्नासाच्या निम्म्यावरही पोचत नाही. कारखान्याची गाळपक्षमता वाढवायची नाही, ऊस मात्र येऊ द्यायचा. मग ऊस फडात वाळतो. इथे माणसे वाळतात.

या तुंबाऱ्याचा एक परिणाम असा आहे की तो कोणत्याच मथळ्यात येत नाही. आपल्याकडे अपराधी परिवीक्षा अधिनियम नावाचा १९५८ सालचा कायदा आहे. लोक त्याला प्रोबेशनचा कायदा म्हणतात. त्याच्याही आधी, १९३८ साली, मुंबई प्रांताने स्वतःचा असा कायदा केला होता. कायदा फार शहाणपणाचा आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेला गुन्हा शाबित झाला, तरी माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. जरूर वाटल्यास परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख. किरकोळ चोरीसारख्या पहिल्या गुन्ह्याला नुसती समज देऊनही सोडता येते. आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल तर, गुन्हा जन्मठेपेचा नसल्यास, त्याला तुरुंगात का धाडले याची कारणे न्यायाधीशाला लिहून द्यावी लागतात. शिवाय अशा रीतीने सुटलेल्याला शिक्षेमुळे कायद्याने येणारी अपात्रता चिकटत नाही. काही खास कायदे याला अपवाद आहेत; पण मारामारी, बांधाचे भांडण, किरकोळ चोरी यांसारखी गावाकडची पुष्कळ प्रकरणे या कायद्यात बसतात.

कायद्याची अट काय? त्या माणसाला किंवा त्याच्या जामीनदाराला राहण्याचे कायम ठिकाण असावे किंवा नियमित व्यवसाय असावा. शेतकऱ्याइतके कायम ठिकाण कोणाचे असते? घर सोडून जायचे म्हटले तरी त्याला जमीन डोक्यावर घेऊन पळता येत नाही.

मग हा कायदा मेल्यासारखा का पडून आहे? पुष्कळ वकील तो मागत नाहीत आणि पुष्कळ आरोपींना तो ठाऊक नसतो, हे एक कारण झाले. पण मूळ कारण वेगळे आहे. प्रोबेशन मिळते ते निकालाच्या दिवशी. माणसाला तुरुंगापासून वाचवायचे हाच त्याचा हेतू. आणि आपल्याकडे निकालाचा दिवस उजाडेपर्यंत गरीब माणूस तुरुंग भोगून मोकळा झालेला असतो. मग न्यायाधीश लिहितात, आत काढला तेवढा काळ हीच शिक्षा समजावी. आरोपी हात जोडतो आणि घरी येतो. त्याला प्रोबेशन देऊन आता वाचवायचे कशापासून? विहीर खणून झाल्यावर पाणाड्याला बोलावण्यातला हा प्रकार.

म्हणून मी म्हणतो की तुरुंगाच्या पुस्तकातला कच्च्या-पक्क्यांचा आकडा हा नुसता गर्दीचा आकडा नाही. या देशात शिक्षा आधी होते आणि निकाल मागून लागतो, याची ती सरकारच्याच सहीशिक्क्याची कबुली आहे. हा क्रम उलटा आहे तोवर जामिनाचा कायदा, प्रोबेशनचा कायदा, मोफत वकिलाचा कायदा हे सगळे कागदावरचे हमीभाव.

मापात पाप

आता थोडे मापाविषयी. आडत्याचा काटा तपासल्याशिवाय आपण वजन मानत नाही, तसा या पुस्तकांचाही काटा तपासला पाहिजे.

२०१९ साली देशात सुमारे ५१ लाख ५६ हजार दखलपात्र गुन्हे नोंदले गेले. २०२० साली हा आकडा ६६ लाखांवर गेला, एकदम शेकडा २८ ची वाढ. एका वर्षात देश इतका बिघडला? चोऱ्या तर त्या वर्षी कमी झाल्या होत्या. वाढ झाली ती मुख्यतः एका कलमामुळे. सरकारी अंमलदाराचा हुकूम मोडल्याबद्दलचे ते जुने १८८ कलम. त्याखाली २०१९ साली २९,४६९ गुन्हे होते, ते २०२० साली ६,१२,१७९ झाले. टाळेबंदीत घराबाहेर पडलेला माणूस गुन्हेगारांच्या यादीत जाऊन बसला. हेच कलम जमावबंदी मोडली म्हणून आंदोलकांवर लागत असे. तेव्हा गुन्हे वाढले असे कोणी सांगितले की पहिला प्रश्न विचारावा, लोकांनी गुन्हे जास्त केले की सरकारने जास्त नोंदले?

उलटेही तितकेच खरे. विहिरीवरची मोटार गेली, केबल कापून नेली, खळ्यावरची पोती गेली, तर किती ठाण्यांत फिर्याद चटकन घेतली जाते? दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवलीच पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. तरी साधा अर्ज घेऊन बोळवण होते. न नोंदलेली चोरी पुस्तकात येत नाही आणि ठाण्याचा आकडा स्वच्छ दिसतो. शिवाय एकाच फिर्यादीत चार गुन्हे असले तर हे खाते त्यांतला सर्वांत मोठा तेवढाच मोजते. म्हणजे जे राज्य प्रामाणिकपणे नोंद करते ते गुन्ह्यांत पुढे दिसते आणि जे दडपते ते सज्जन ठरते.

रकाना बदलला की काय होते हे शेतकऱ्याइतके कोणी भोगलेले नाही. याच खात्याच्या पुस्तकात २०१३ साली शेतीतल्या ११,७७२ आत्महत्या होत्या. २०१४ साली शेतकऱ्यांच्या ५,६५० झाल्या. मरण निम्मे झाले नव्हते. शेतमजुरांचा रकाना वेगळा केला होता आणि त्यात ६,७१० होते. दोन्ही मिळवले की बेरीज १२,३६०. ज्याने एकच रकाना वाचला त्याला वाटले शेतकरी सुखी झाला.

चोरांचा पुळका?

हे वाचून कोणी म्हणेल, शेतकऱ्याने गुन्हेगारांचा पुळका कशाला घ्यावा? चोरी तर आपल्याकडेच होते. प्रश्न रास्त आहे. चोराला शिक्षा झालीच पाहिजे आणि ती लवकर झाली पाहिजे. पण आजच्या रीतीत नेमके तेच होत नाही. ऐपतवाला दरोडेखोर जामिनावर बाहेर फिरतो, साक्षीदार फिरवतो आणि दहा वर्षांनी सुटतो. ज्याची मोटार गेली तो शेतकरी कामाचा दिवस मोडून साक्षीच्या तारखा करतो आणि शेवटी कंटाळून जात नाही. आत सडतो तो ज्याला जामीनदार मिळाला नाही तो. तुंबलेल्या कोर्टाचा तोटा आरोपीला आहे तसा फिर्यादीलाही आहे. फायदा फक्त त्याला, ज्याला निकाल नकोच आहे.

दुसरे असे की आंदोलन करणाऱ्याने आपण या पट्टीच्या बाहेर आहोत असे समजू नये. पाच माणसे जमली आणि धक्काबुक्की झाली तर कायद्याच्या पुस्तकात ती दंगल होते. रास्ता रोको एका दिवसाचा, त्याच्या तारखा दहा वर्षांच्या. दिल्लीच्या वेशीवर २०२०-२१ साली बसलेल्या शेतकऱ्यांना कायदे मागे घेतल्यावरही उठता येत नव्हते. आंदोलकांवरचे खटले मागे घ्या ही त्यांची मागणी शेवटपर्यंत होती.

नवा कायदा, जुना खोडा

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या कायद्यात ४३६-अ हे कलम होते. संभाव्य शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याविषयीचे. फाशीच्या गुन्ह्यांना ते लागू नव्हते. नव्या कायद्यात त्याचे ४७९ झाले. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला आता एकतृतीयांश काळ पुरतो, आणि मुदत भरली की कोर्टाला अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जुन्या कैद्यांनाही हा फायदा द्यावा. इथवर चांगले.

पण याच कलमात खोडा आहे. जन्मठेपेचे गुन्हे आता वगळले आहेत. आणि ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले चालू असतील त्याला या कलमाचा लाभ नाही. पोलिसांची फिर्याद एका कलमाची कधी असते का? आणि चार तालुक्यांत चार रास्ता रोको केलेला कार्यकर्ता? त्याला नेहमीच्या रीतीने जामीन मागता येईल, पण हा दरवाजा बंद. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने कडता कापला.

जिल्हा बैठकीपुढे

नुसती हळहळ करून भागणार नाही. चार कामे प्रत्येक जिल्ह्याला करता येण्यासारखी आहेत.

एक. प्रत्येक तालुक्याने आपल्या गावांतले कोण कच्चे कैदी म्हणून आत आहेत, कधीपासून आणि कोणत्या कलमाखाली, याची यादी करावी. यादी करताना जात, पक्ष, संघटना पाहू नये.

दोन. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने आहे, मग त्याचे उत्पन्न काही असो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायला घरच्यांना मदत करावी. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर त्या माणसाला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडायचे असते, हे घरच्यांना सांगावे.

तीन. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती आहे. जिल्हाधिकारी आणि पोलिस अधीक्षक तिच्यात असतात. ती कधी बसली, किती नावे तिच्यापुढे आली, किती सुटले, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. आकडे दिल्लीहून येण्याची वाट पाहू नये. २०२३ सालची पुस्तके २०२५ च्या सप्टेंबरअखेर निघाली. तोवर आतल्या माणसाची दोन पिके गेली.

चार. आपल्या वकिलांना सांगून ठेवावे की निकालाच्या दिवशी प्रोबेशन मागायचेच. ते जिथे लागू होऊ शकते तिथे नाकारायचे तर न्यायाधीशाला खास कारणे लिहावी लागतात, आणि ती लिहायला लावणे हेही काम आहे.

आणि सरकारकडे मागणी एकच करावी. पट्टीत दोन रकाने ठळकपणे आणि जिल्हावार द्या. निर्दोष सुटलेल्यांनी आधी किती दिवस आत काढले, आणि दोषी ठरलेल्यांपैकी किती जणांना प्रोबेशन मिळाले. या दोन आकड्यांत इथली न्यायव्यवस्था जितकी उघडी पडेल तितकी गुन्ह्यांच्या शंभर तक्त्यांत पडणार नाही.

काट्यावर उभे राहून वजन पाहण्याची सवय आपल्याला आहे. तीच सवय या पुस्तकालाही लावायची आहे, कारण या काट्यावर पोती नाहीत, माणसे आहेत.